कॅमेऱ्याला दिलेली धुरी

मर्गिलानमध्ये लग्न ठरलं की पहिला निरोप पुलाव शिजवणाऱ्या उस्तादाकडे जातो आणि दुसरा मुअत्तरकडे. फोटो काढणारे पुरुष गावात पैशाला पासरी आहेत, पण बायकांच्या खोलीत त्यांना कोण घेणार? ते बिचारे अंगणात पाहुण्यांच्या टोप्या आणि टेबलावरची द्राक्षं टिपत बसतात. लग्नाचा खरा जीव आतल्या खोलीत असतो. तिथे विहिणी एकमेकींना गोड शब्दांत चिमटे काढतात, आज्या नाचतात, नवरीची आई दाराआड उभी राहून डोळे पुसते. हे सगळं मुअत्तरच्या कॅमेऱ्यात येतं, आणि ज्या बाईचं जे झाकायचं ते ती न सांगता झाकते. दोन जावांचं पटत नसेल तर मध्ये एखादी गोंडस मुलगी उभी करते, म्हणजे दोघींनाही हसावंच लागतं.

मुअत्तर चाळिशीची, बुटकी, चालायला चपळ. लग्नाआधी ती एका स्टुडिओत फोटोंच्या कडा कापायची. अनोळखी लोकांचे चेहरे दिवसभर तिच्या कात्रीखालून जायचे आणि तिला सारखं वाटायचं, हा चेहरा मी असा काढला नसता. मग लग्न झालं, मुलं झाली आणि शाळेला जाऊ लागली. धाकट्या दिराने कोरियाहून आणलेला कॅमेरा कपाटात नुसता पडून होता. तो तिने एक दिवस उचलला. दिराला त्याची आठवणही राहिली नव्हती.

सासूला मात्र होती. सासूबाईंचं नाव होजार, पण घरादाराला त्या ओयी, म्हणजे आई. सून परक्या घरी जाऊन लोकांच्या तोंडापुढे यंत्र धरते हे त्यांना पहिली काही वर्षं बिलकूल पटलं नाही. त्यांनी घर डोक्यावर घेतलं असं नाही. त्यांची तऱ्हा वेगळी होती. मुअत्तर कॅमेरा गळ्यात घालून निघाली की त्या अंगण झाडायला घ्यायच्या आणि झाडू नेमका तिच्या पायापुढून फिरायचा.

"कलीन," त्या म्हणायच्या, कारण सुनेला आमच्याकडे कलीनच म्हणतात, "आमच्या वेळी सून दुसऱ्याच्या लग्नाला जायची ती जेवायला. तू जातेस ती पहारा द्यायला."

"येताना तुमच्यासाठी पुलाव आणते, ओयी."

"आण. पहारेकऱ्याला बक्षीस म्हणून देतात, तोच ना?"

मुअत्तर हसून निघून जायची, पण कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचे कान तापलेले असायचे.

हे बदललं ते बीबीसारा वारल्यावर. बीबीसारा ओयींची थोरली बहीण, तोंडात एकही दात नसलेली, हसरी. तिला मातीत ठेवून आल्यावर घरच्यांच्या लक्षात आलं की तिचा पासपोर्टवरचा दगडी चेहरा सोडला तर दुसरा फोटोच नाही. मुअत्तरकडे एक होता. कुणाच्या तरी लग्नात म्हातारी कलिंगडाची फोड खात बसली होती, रस हनुवटीवरून गळत होता आणि ती खदखदून हसत होती. मुअत्तरने तो मोठा करून आणला आणि ओयींच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवला. ओयी त्या दिवशी जेवायला बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या लग्नाच्या सकाळी मुअत्तर निघाली, तेव्हा ओयी अंगणात झाडूऐवजी लोखंडी पळी घेऊन उभ्या होत्या. पळीत निखारे होते आणि निखाऱ्यांवर वाळलेली इसिरिक तडतडत होती. नजर लागू नये म्हणून आमच्याकडे बाळाला, नवरीला, नव्या गाडीला, नव्या म्हशीला त्याच झुडपाची धुरी देतात. "आण ते यंत्र इकडे," ओयी म्हणाल्या आणि कॅमेऱ्याच्या पिशवीभोवती तीनदा पळी फिरवली. मुअत्तरला त्या कडू वासाने खोकला आला, पण मनातून ती इतकी सुखावली की त्या दिवशीचे फोटो तिला स्वतःलाच आवडले. तेव्हापासून धुरीशिवाय कॅमेरा घराबाहेर पडला नाही.

आता ज्या शनिवारची ही गोष्ट, त्या दिवशी दुपारी एका घरी पाळण्याचा समारंभ होता. बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालायचं. घरातली वडीलधारी बाई मुद्दाम त्याला उलटं ठेवते आणि विचारते, "असं का?" सगळ्या बायका ओरडतात, "नाही!" मग ती दुसरीकडून ठेवते, पुन्हा ओरडा. मुअत्तर नेमकी त्या ओरड्याची वाट बघत होती. तिने बटण दाबलं. नेहमीचा कडक आवाज यायचा, त्याऐवजी चिखलातून पाय काढल्यासारखा एक जड आवाज आला.

तिने मागच्या स्क्रीनवर पाहिलं. फोटोवर मधोमध एक काळाकुट्ट पट्टा होता. बायका पूर्ण, पाळणा पूर्ण, आणि बाळाच्या तोंडावर तो काळा पट्टा. तिने झटकन फोटो पुसला. बाळाच्या आजीने तो पाहिला असता तर समारंभ तिथेच आटोपला असता आणि मुअत्तरला त्या गल्लीत पुन्हा कुणी चहा पाजला नसता. तिने आणखी एकदा बटण दाबलं. या वेळी आवाजही आला नाही. आतलं शटर अडकलं ते अडकलंच.

"बॅटरी संपली वाटतं," ती चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाली आणि फोन काढला.

"फोनने तर आमची सूनही काढते," एक बाई म्हणाली. "मग तुला कशाला बोलावलं?"

"सुनेच्या फोटोत तुमच्या हनुवट्या दोन दिसतात. माझ्या फोटोत एकच दिसेल," मुअत्तर म्हणाली. बायका हसल्या आणि वेळ निभावली.

पण उद्याची वेळ निभावण्यासारखी नव्हती. उद्या सकाळी गल्लीतल्या मोठ्या घरी सूनमुख होतं. लग्नानंतरच्या सकाळी नवरी बुरखा ओढून उभी राहते, एक लहान मूल तुतीच्या फांदीने तो बुरखा वर उचलतं आणि सासरच्या बायका तिचं तोंड पहिल्यांदा पाहतात. हे एकदाच होतं. "जरा पुन्हा करा हं" असं तिथे म्हणता येत नाही. समारंभ संपताच मुअत्तरने दमास नावाची छोटी प्रवासी गाडी पकडली आणि फरगाना शहर गाठलं.

तिथे बसस्थानकामागच्या बोळात रेनातचं दुकान. रेनात वंशाने तातार, तिशीचा, मोडक्या वस्तूंच्या ढिगात बसून दिवसभर स्वतःशीच बडबडणारा. त्याने कॅमेऱ्याचं भिंग काढलं, आतला आरसा वर केला, डोळ्याला दुर्बिणीसारखी काच लावली आणि बडबड थांबवली.

"काय झालंय, रेनातजान?"

"ओपा," तो म्हणाला; ओपा म्हणजे ताई. "रागावू नका. या कॅमेऱ्यात तुम्ही स्वयंपाक करता का?"

"काहीतरीच काय!"

"मग हे बघा." त्याने काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला, शटरच्या पातळ पात्यांवरून हलकेच फिरवला आणि तिच्यासमोर धरला. कापूस तपकिरी झाला होता, हुक्क्याची नळी पुसावी तसा. "पाती एकमेकांना चिकटलीत. तेल नाही, धूळ नाही. धुराचा चिकटा आहे." त्याने कापूस नाकाशी नेला आणि त्याचे डोळे मोठे झाले. "या अल्ला! ही तर इसिरिक!"

तो इतका हसला की टेबलावरची चहाची वाटी हिंदकळली. मुअत्तर हसली नाही.

"पिशवीला देतात धुरी," ती म्हणाली. "बाहेरून. ती आत कशी जाईल?"

"बाहेरून नाही गेली, ओपा. भिंग काढून, उघड्या तोंडात दिलीय कुणीतरी. आणि एकदा नाही, बऱ्याच वेळा."

तेव्हा तिला आठवलं. उन्हाळ्यात ओयी तिच्याजवळ येऊन बसल्या होत्या आणि कॅमेऱ्याकडे बोट करून विचारलं होतं, "हे बटण कशाचं गं?" सासूने आपल्या कामात एवढा रस घ्यावा याने ती हरखून गेली होती. तिने त्यांचा हात धरून दाखवलं होतं: हे दाबायचं, असं फिरवायचं, की भिंग निघतं. ओयींनी ते तिच्यासमोर दोनदा करून पाहिलं होतं, आणि "शाबास ओयी!" असं म्हणून तिने टाळीही वाजवली होती. आता तिला रागही येत होता आणि तो राग धड कुणावर काढताही येत नव्हता.

रेनात एकेक पातं पुसत राहिला. कापूस भिजलेला नको, नाहीतर चिकटा पातळ होऊन आणखी आत जातो, म्हणून प्रत्येक काडी तो आधी कागदावर टिपून घेत होता. टेबलावर तपकिरी काड्यांचा ढीग झाला. शेवटी त्याने भिंग बसवलं आणि बटण दाबलं. खट्! तोच जुना कडक आवाज. मुअत्तरचे खांदे सैल पडले.

"सुटला," रेनात म्हणाला. "पण ओपा, एक पातं जरा वाकलंय. आणखी एकदा आत धूर गेला तर ते तुटेल, आणि या कॅमेऱ्याची पाती आता मिळत नाहीत. मग हा कोनाड्यात ठेवायच्या कामाचा. घरी सांगा कुणाला सांगायचं ते."

"तेच तर अवघड आहे."

"माझी आई फ्रिजच्या मागे लाल मिरच्या टांगते," रेनात म्हणाला. "मी काढतो, ती टांगते. पण फ्रिज बिघडत नाही, म्हणून आमचं जमतं."

परतताना गाडीत तिने मनात वाक्यं जुळवली. 'ओयी, तुमच्यामुळे कॅमेरा बिघडला.' छे. 'ओयी, धुरी बंद करा.' हे तर त्याहून वाईट. ज्या बाईने झाडू टाकून हातात पळी घेतली, तिच्या हातून ती पळी काढून घ्यायची कशी? ती धुरी म्हणजे ओयींच्या तोंडून कधीच न आलेला होकार होता. तो गेला की पुन्हा झाडू, पुन्हा पहारेकरी, असं तिला वाटत होतं. या वयात ते टोमणे नव्याने ऐकायचं बळ आपल्यात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नवरा सोबिर रेशमाच्या कारखान्यात रंगारी. तो हात धूत होता. कितीही धुतले तरी कोपरापर्यंत निळे राहणारे हात. तिने त्याला सगळं सांगितलं.

"कपाटाला कुलूप लाव," तो म्हणाला.

"आणि ओयींनी विचारलं, कुलूप कुणासाठी, तर?"

सोबिरने विचार केला. "मग नको लावू."

"अहो, तुम्हीच सांगा ना तुमच्या आईला."

"मी? चहात साखर जास्त होते एवढंसुद्धा मी तिला आजवर सांगू शकलो नाही." त्याने हात पुसले आणि निळा टॉवेल आणखी निळा केला.

रात्रीच्या जेवणाला जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसल्यावर ओयींनीच विषय काढला. "दुरुस्त झालं तुझं यंत्र?"

"झालं, ओयी."

"काय झालं होतं?"

सोबिर नान मोडण्यात गढून गेला. मुअत्तरच्या तोंडून निघालं, "आत काहीतरी चिकटलं होतं."

"चिकटलं होतं म्हणे! नजर चिकटली होती," ओयी म्हणाल्या. "ती शेजारची तुर्सुनोय परवा दारात उभी राहून काय म्हणाली? 'तुमची सून तर आता दिसतही नाही घरात.' तिचे ते मांजरासारखे डोळे! तू काळजी करू नकोस. मी आज बाजारात जाऊन डोंगरातली ताजी इसिरिक आणलीय. उद्या दुप्पट देते."

मुअत्तरने घास गिळला. आता सांगावं असं तिला वाटलं, पण ओयींच्या चेहऱ्यावर असा काही उत्साह होता की तिची जीभ उचलली नाही.

सकाळी ती रेशमी झगा घालून, डोक्याला रुमाल बांधून बाहेर आली, तर अंगणात धूर भरला होता. ओयी बाजेच्या कडेला बसून पळीवर फुंकर घालत होत्या. "ठेव इथे," त्या म्हणाल्या. "तू जा, चहा घे."

मुअत्तर जागची हलली नाही. कॅमेरा तिने छातीशी धरला होता.

"ओयी, याला धुरी नको."

"का?"

"रेनात म्हणाला, आतली पाती धुराने चिकटली होती. इसिरिकच्या धुराने. आणखी एकदा धूर गेला तर हा कायमचा जाईल." तिने ते एका दमात सांगून टाकलं आणि लगेच भीतीने पुढे जोडलं, "चूक माझीच आहे. भिंग काढायला मीच शिकवलं तुम्हाला."

ओयींनी पळी जमिनीवर ठेवली. धूर सरळ वर जात राहिला. त्यांचा चेहरा एकाएकी इतका म्हातारा दिसला की मुअत्तरला वाटलं, मोडू दिला असता कॅमेरा तर बरं झालं असतं.

"म्हणजे मीच मोडलं," ओयी म्हणाल्या.

"नाही हो, तुम्ही काय मुद्दाम..."

"तू गप्प बस. तुर्सुनोयचे डोळे मांजराचे असतील, पण ती बिचारी कुणाचं वाईट चिंतत नाही. चिंतलं ते मी." त्यांनी रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू हे घेऊन जायचीस ना सुरुवातीला, तेव्हा मी रोज मनात म्हणायचे, पडो हे हातातून, फुटो, बंद होवो. झाडताना म्हणायचे. मग बीबीसाराचा फोटो आलीस घेऊन. त्यानंतर मला वाटायला लागलं, माझ्या एवढ्या वर्षांच्या शिव्या गेल्या कुठे? त्यातच असणार, आत. बाहेरून धुरी देऊन त्या निघायच्या नाहीत. म्हणून उघडून दिली."

मुअत्तर त्यांच्याजवळ बाजेवर बसली. तिला इतकी वर्षं वाटत होतं की ओयी तुर्सुनोयपासून, शेजाऱ्यांपासून, जगापासून आपलं रक्षण करताहेत. त्या तर स्वतःपासूनच करत होत्या. तिच्या मनात आता रागाचा कणही उरला नव्हता. उरलं होतं ते एवढंच की या बाईला इतके दिवस हे एकटीला वागवावं लागलं.

"निघाल्या त्या शिव्या, ओयी," ती म्हणाली. "रेनातने कापसाने पुसून काढल्या. एवढा ढीग झाला होता काड्यांचा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"कसल्या रंगाच्या होत्या?"

"काळ्याच म्हणा ना."

"असणारच," ओयी म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठाचा कोपरा जरा हलला. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. "नुसती दुवा म्हणून फुंकर घातली तर?"

"थुंकी उडते, ओयी."

"तेही चालत नाही? काय नाजूक यंत्र आहे! आमची म्हैससुद्धा एवढे नखरे करत नव्हती." त्यांनी पळी उचलली. निखारे अजून लाल होते आणि ताजी इसिरिक अर्धीही जळली नव्हती. ओयींना वाया गेलेली वस्तू बघवत नसे. "ते आत ठेवून ये, दार लाव आणि इकडे ये."

"कशाला?"

"ये म्हणते ना!"

मुअत्तर कॅमेरा आत ठेवून आली. ओयी उभ्या राहिल्या होत्या. "वाक जरा. नाही, राहू दे, तू आधीच बुटकी आहेस." त्यांनी पळी तिच्या डोक्याभोवती फिरवली, मग खांद्यांवरून, मग हातांवरून, आणि ज्या उजव्या डोळ्याने ती कॅमेऱ्यात बघते त्याच्यासमोर जरा जास्त वेळ धरली. तोंडाने त्या पुटपुटत होत्या: आप्तांच्या डोळ्यापासून, परक्यांच्या डोळ्यापासून, आणि घरात बसलेल्या म्हातारीच्या डोळ्यापासून. मुअत्तर नवरी म्हणून या अंगणात आली त्या दिवशी तिला धुरी मिळाली होती, ती सगळ्यांनाच मिळते. त्यानंतर आजच. तिला रडू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही.

"रडू नकोस, धुरीत पाणी पडतं," ओयी म्हणाल्या. "जा आता. उशीर झाला तर ती नवरी स्वतःच बुरखा वर करेल."

मोठ्या घरी आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नवरी बुरख्याखाली उभी होती, कुणाच्या तरी कडेवरच्या पोराच्या हातात तुतीची फांदी दिली होती आणि ते ती चावत होतं. मुअत्तर बायकांमधून वाट काढत पुढे सरकली. नवऱ्याची आजी बाजूलाच बसली होती. तिने नाक वर करून हुंगलं.

"अगं, वास कसला येतोय? होजारने आजही तुझ्या कॅमेऱ्याला धुरी दिली वाटतं!"

पोराने फांदी वर केली. बुरखा हलला.

"कॅमेऱ्याला नाही, बुवीजान," मुअत्तर डोळा कॅमेऱ्याला लावत म्हणाली. "मला दिली."